धोट्यामागून एक

साहेब, मी —

एवढे दोन शब्द गेले नऊ दिवस धुडकूच्या जिभेवर बसून होते. दात घासताना होते, भाकरीचा तुकडा मोडताना होते, रेडियमचं जॅकेट अंगात चढवताना होते. पुढचे शब्द काही केल्या येत नव्हते. आले असते तर पत्र्याच्या ऑफिसात बसणाऱ्या हर्षल साहेबांपुढे ते टाकून तो मोकळा झाला असता. निदान त्याला तसं वाटत होतं.

सुरतच्या उधन्यात कारखान्यांच्या वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गटाराची मोठी लाइन टाकायचं काम चालू होतं. अर्धा रस्ता खणलेला. उरलेल्या अर्ध्याला दोन्ही अंगांनी डोक्याच्या वर जाणारे निळे पत्रे. मध्ये राहिली ती तीन मीटर रुंद आणि एकशे सत्तर मीटर लांब गल्ली. तीही सरळ नाही. मधोमध एका बंद मिलच्या भिंतीला वळसा घालून जाणारी. या टोकाचं त्या टोकाला दिसत नसे. एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सुटायच्या. चाळींकडच्या टोकाला लाल-हिरवी झेंडी घेऊन धुडकू उभा राही आणि कारखान्यांकडच्या टोकाला उषाबाई.

आता उषाबाई नव्हती. नऊ दिवसांपूर्वी तिला घरी बसवलं होतं. तिच्या घाईमुळे योगराज टँकरखाली आला, असं सगळे म्हणत होते.

सगळे म्हणत होते, आणि धुडकू तिथेच उभा राहून ऐकत होता.

•

साहेब, धोटा दिल्यावर मी —

धोट्याची कल्पना त्याचीच.

काम सुरू झालं त्या आठवड्यात सकाळी सात वाजता या गल्लीत जे व्हायचं त्याला कोंडी म्हणणंसुद्धा कमीच. इकडून कापडाच्या ताक्यांनी भरलेला टेम्पो घुसायचा, तिकडून रिक्षा. वळणावर नाकाला नाक. मागे दोन्हीकडून मोटारसायकली येऊन चिकटलेल्या. 'पाछळ ले ने!' 'तू ले!' 'तेरे बाप का रोड है क्या?' आईबहिणी गुजरातीत, हिंदीत आणि अहिराणीत न्हाऊन निघायच्या. कंपनीने दोन वायरलेस सेट दिले होते. एक तिसऱ्या दिवशी बोलायचा बंद पडला. दुसरा कुणीतरी दुसऱ्या साइटवर नेला, तो परत आला नाही. नवे येतील, असं हर्षल साहेब रोज सांगत. सत्तावीस वर्षांचा मुलगा. वडील बँकेतून निवृत्त झालेले, जन्म सुरतचाच. शिव्या दोन्हीकडून त्यालाच बसत.

धुडकूने बावीस वर्षं मागावर काढली होती. जुने माग भंगारात गेले, बिनधोट्याची मशिनं आली आणि धुडकू झेंडीवर आला. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा जुना लाकडी धोटा तो एके दिवशी घरून घेऊन आला. बोटभर झिजलेला, दोन्ही टोकांना लोखंडी चोच.

"साहेब, मागावर हा एकच असतो," तो म्हणाला. "इकडे असला तर तिकडे नसतो."

हर्षल आधी हसला. मग हसायचा थांबला.

नियम असा ठरला: ज्याच्या हातात धोटा, त्याचीच बाजू सुटणार. सोडून झाल्या की शेवटच्या गाडीवाल्याच्या हाती धोटा द्यायचा आणि लाल झेंडी आडवी करायची. पलीकडच्या माणसाला धोटा मिळाला, याचा अर्थ गल्ली रिकामी. मग त्याने आपली बाजू सोडायची आणि आपल्या शेवटच्या गाडीबरोबर धोटा परत पाठवायचा.

पाऊण तासाची कोंडी दहा मिनिटांवर आली. टेम्पोवाले धोटा डॅशबोर्डवर गणपतीशेजारी ठेवून न्यायचे आणि उतरवून देताना हसायचे. हर्षलने मोबाइलवर शूटिंग करून वर पाठवलं. वरून अंगठे आले. नवे सेट मात्र आले नाहीत. पुढे त्यांची कुणाला आठवणही राहिली नाही.

रोज सकाळी काम सुरू होण्याआधी हर्षल दोघांना समोर उभं करून एक वाक्य म्हणून घ्यायचा.

"धोट्याच्या मागे?"

"कुणी नाही," उषाबाई म्हणायची.

"कुणी नाही," धुडकू म्हणायचा.

•

साहेब, धोटा दिल्यावर मी रोज एकाला —

सुरुवात कधी झाली ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

सात वाजता पाळी बदलते. सात-पाचला कारखान्याची जाळी ओढली की बाहेरचा बाहेर. तुमच्या मशिनांवर दुसरा उभा राहतो, आणि चार दिवस तो बरा चालला की मशिनं त्याचीच होतात. हे धुडकूला कुणी सांगायला नको होतं. आणि रांगेत उभे कोण? पारोळ्याचा, अमळनेरचा, शिरपूरचा, कुणी त्याच्या स्वतःच्या गल्लीतला.

"आप्पा, जाऊ द्या ना भो. टेम्पोच्या मागे चिकटून जास."

"धोटा गेला रे."

"गया तर गया! आप्पा, तुम्ही आपला माणूस शेतस का नही?"

तर तो झेंडी थोडी उचलायचा. इतकीच; एक मोटारसायकल खालून निघेल इतकी. मोटारसायकल टेम्पोच्या शेपटीला लागायची, टेम्पोबरोबरच बाहेर पडायची, कुणाचं काही बिघडायचं नाही. पुढे पुढे ती रीतच पडली. चाळीत लोक म्हणायला लागले, "आज आप्पाचा एक मी होतो." संध्याकाळी पानाच्या गादीवर धुडकू दिसला की चार जण सरकून जागा करायचे. बावीस वर्षं मागावर उभं राहून कुणी त्याला कधी जागा करून दिली नव्हती.

उलट उषाबाई. संध्याकाळी हीच माणसं परतताना तिच्या टोकाला यायची आणि तिथे सगळी आपुलकी संपायची. नवरा गेल्यावर साक्रीकडून एकटी आलेली ही बाई. एकदा तिने स्वतःच्या दिरालाही थांबवून ठेवलं.

"ए कलेक्टरीण," दीर ओरडला, "वहिनी शे का दुश्मन?"

"कलेक्टर असते तर गाडीसकट उचलून नेलं असतं तुला," ती झेंडी न हलवता म्हणाली. "थांब गुपचूप. चहा पाजते घरी आल्यावर."

लोक हसले, पण नाव चिकटलं. धुडकूही तिला मागे कलेक्टरीण म्हणायचा. चांगलं वाटायचं म्हणताना.

•

साहेब, धोटा दिल्यावर मी त्या दिवशी योगराजला —

सहा बावन्न. धुडकूने सुताच्या खोक्यांनी भरलेल्या टेम्पोच्या ड्रायव्हरला धोटा दिला. ड्रायव्हर नवा होता, बाहेरगावचा. "ये क्या है, चाचा?" "सामने बाई को देना." टेम्पो निघाला. धुडकूने लाल झेंडी आडवी केली.

सहा बावन्न आणि थोडे सेकंद. योगराज आला. धुडकूच्याच गावचा, शेजारच्या खोलीतला, एकतीस वर्षांचा, तोंडभर हसणारा. एरवी मोटारसायकलवर असायचा. आज ती पंक्चर, म्हणून कुणाची तरी सायकल मागून आणलेली. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

"आप्पा!"

सायकल. इथे धुडकूच्या मनात एक आकडा आला होता. ही गोष्ट त्याने स्वतःलाही फार उशिरा कबूल केली. टेम्पोला गल्ली पार करायला चाळीस सेकंद लागतात. सायकलला दीड मिनिट. रोज दीड-दोनशे वेळा बघून त्याला ते पाठ होतं. आकडा आला, आणि त्याच्या मागोमाग योगराजचं तोंड आलं.

"आप्पा, परवाबी उशीर झाला. आज जाळी बंद झाली तर शेठ मशीन दुसऱ्याला देईल."

टेम्पो वळणाआड दिसेनासा झाला होता.

धुडकूने झेंडी उचलली. वर म्हणाला, "पळ."

मग पत्र्यांमागून उषाबाईची शिटी आली, नेहमीसारखी, लांब. टँकरचा हॉर्न आला. आणि पत्र्याचा आवाज आला. रिकामी पिंपं जिन्यावरून गडगडावीत तसा.

पहिला पोचला तो धुडकू. टँकर आणि पत्रा यांच्या मध्ये सायकल दुमडली होती आणि सायकलीत योगराजचा उजवा पाय होता. टँकरवाल्याने वेळेवर ब्रेक मारला, म्हणून पायावर निभावलं. धुडकूनेच पत्रा वाकवून त्याला बाहेर ओढलं, रिक्षात घातलं, मांडीवर डोकं घेऊन दवाखान्यात नेलं. वाटेत योगराज एकदाच बोलला. "आप्पा, जाळी बंद व्हयनी व्हई ना?"

•

त्याच दुपारी पत्र्याच्या ऑफिसात. पोलिसांनी टँकरवाल्याचं लिहून घेतलं होतं. हे कंपनीचं वेगळं होतं.

विचारलं: धोटा कुणाला दिला?

सांगितलं: सुताच्या टेम्पोला.

गिळलं: काही नाही. हे खरं होतं.

विचारलं: योगराज कधी आत गेला?

सांगितलं: टेम्पोच्या आधी.

गिळलं: टेम्पोनंतर. मी झेंडी उचलली. मी पळ म्हटलं.

विचारलं: धोट्याच्या मागे कुणाला सोडलं होतं का?

सांगितलं: कुणी नाही.

गिळलं: रोजचा एक.

विचारलं: म्हणजे गल्लीत सायकल असताना उषाबाईंनी टँकर सोडला?

सांगितलं: मला तिकडचं दिसत नाही, साहेब.

गिळलं:

इथे गिळायला काही उरलंच नव्हतं. हेही खरं होतं. तिकडचं त्याला दिसत नव्हतंच. खऱ्या वाक्यानेच उषाबाई बुडाली.

ती दाराशी उभी होती. "धोटा माझ्या हातात आला, मग मी झेंडी दाखवली," ती चार-पाचदा म्हणाली. सुताचा टेम्पो कधीच निघून गेला होता, त्याचा नंबर कुणाकडे नव्हता. टँकरवाला म्हणाला, बाईने हिरवी दाखवली म्हणून मी निघालो. दोघंही खरंच बोलत होते, पण एकाच्याच बोलण्याचा उपयोग झाला. रांगेतल्या कुणीतरी सांगितलं, बाई मोबाइलवर बोलत होती. मोबाइल तिच्याकडे होता का, एवढंही कुणी विचारलं नाही. जाताना तिने जॅकेट काढून घडी करून टेबलावर ठेवलं. धुडकूकडे तिने पाहिलं, पण रागाने नाही. आता हा काहीतरी बोलेल, अशा अपेक्षेने पाहिलं.

दोन दिवसांत नवे वायरलेस सेट आले. उषाबाईच्या जागी नितीन नावाचा माणूस आला.

•

चाळीत धुडकूची किंमत आणखी वाढली. योगराजची बायको योगिता सगळ्यांना सांगत होती, आप्पा होते म्हणून माझं कुंकू राहिलं. धुडकूची बायको रंजना रोज दवाखान्यात डबा पाठवायची.

"तू नसतास तर पोऱ्या गेला असता," ती म्हणायची. "आनि ती बाई देख, एक दिन बी त्याले देखाले गई नही."

"जाऊ दे ना," तो म्हणायचा.

"कसाले जाऊ दे? तुले काय पुळका तिना?"

तो हात धुवायला उठायचा.

सहाव्या दिवशी तो दवाखान्यात गेला. योगराजच्या पायात सळई घातली होती. दिवसाचे बारा तास मशिनांपुढे उभं राहणं आता वर्षभर तरी नाही, कदाचित पुढेही नाही. योगिता पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा धुडकू स्टुलावर पुढे सरकला.

"योगराज, तुले त्या दिवसाचं —"

"मला काहीच आठवत नाही, आप्पा," योगराज पटकन म्हणाला. "साहेबालाबी तेच सांगितलं. काहीच आठवत नाही."

आणि त्याने धुडकूचा हात दाबला. चांगला जोराने दाबला.

माणसाला आठवत नसेल तर तो असा हात दाबत नाही. धुडकू बाहेर आला आणि बराच वेळ रिक्षा स्टँडवर नुसता उभा राहिला. योगराजचा पाय त्याच्यामुळे गेला होता आणि वर त्यानेच तोंडही मिटून घेतलं होतं. त्याला वाटलं, योगराजने शिव्या घातल्या असत्या तर त्या खाऊन तरी पोट भरलं असतं.

•

नवव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो ऑफिसात गेला आणि वाक्य पूर्ण झालं. फारसा आवाज न होता.

"साहेब, धोटा दिल्यावर मी योगराजला सोडलं."

हर्षलने डबा बाजूला सारला. "दार लावा, काका."

धुडकूने दार लावलं.

"मला माहीत आहे," हर्षल म्हणाला.

धुडकूला वाटलं आपल्याला कमी ऐकू येतं. मागावरच्या माणसांना येतंच. "काय?"

"तीन मीटरच्या गल्लीत टेम्पो सायकलला ओलांडून पुढे जाईल कसा? योगराज आधी गेला असता तर टेम्पो त्याच्या मागेच रखडला असता. आणि धोटा बाईंच्या हातातून मी स्वतः घेतलाय, टँकरचं चाक अजून गरम होतं तेव्हा. त्याच दिवशी कागदावर काढून बघितलं मी. गणित सोपं आहे."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

हर्षलने खणातून एक फाइल काढली. दर सोमवारी भरायची तपासणीची यादी. बोट ठेवलं. 'दोन्ही टोकांना वायरलेस सेट: आहेत.' पुढे बरोबरची खूण, खाली सही. आठ सोमवार, आठ खुणा, आठ सह्या.

"तुम्ही एक सोडला असं लिहिलं की पहिला प्रश्न येणार, सेट असताना लाकूड कशाला फिरत होतं? बाईंची घाई म्हटलं की प्रश्नच नाही." तो धुडकूकडे बघत नव्हता. "मी पण झोपत नाहीये, काका. असं समजू नका."

बाहेर नितीन नव्या वायरलेसवर कुणाशी तरी हसत बोलत होता.

"एक करू," हर्षल म्हणाला. "सोमवारपासून बाईंना पलसाण्याच्या साइटवर घेतो. माझा मित्र आहे तिथे. झेंडी नको, झाडायचं, पाणी मारायचं साधं काम. त्यांचं घर चालेल. तुमचं चालेल. कशाला कुणाचं नुकसान? तुम्हीच सांगून या. तुमचं ऐकतील त्या."

आणि धुडकूला हायसं वाटलं. ही त्या नऊ दिवसांतली सगळ्यात वाईट गोष्ट. त्याला खरोखर हायसं वाटलं. वाटेत त्याने एका हातगाडीपाशी उभं राहून चहासुद्धा घेतला.

•

उषाबाई दाराच्या उंबऱ्यावर बसली होती. मांडीवर साडी, शेजारी साड्यांचा ढीग, हातात छोटी कातर. साडीच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे कापायचं काम. घरोघरी बायका करतात.

"या, धुडकू भाऊ," ती म्हणाली. "पाणी घ्या."

त्याने पाणी घेतलं, उभ्या उभ्या. मग पलसाण्याचं सांगितलं. साहेब स्वतः म्हणाले, सोमवारपासून, जाण्यायेण्याला कंपनीची गाडी.

"झेंडी?"

"झेंडी नाही. झाडलोट. हलकं काम."

"झेंडी का नाही?"

त्याने रिकामा पेला उंबऱ्यावर ठेवला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "माझ्या हातात कोण देईल आता." दोन धागे कापले. मग कातर थांबवून तिने वर पाहिलं. "भाऊ, तुम्ही तिथे होतात. एक सांगाल? टेम्पो निघाल्यापासून माझी शिटी ऐकू येईपर्यंत, किती वेळ गेला होता?"

"का?"

"मी रोज करून बघते." तिने कातर खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. "आधी हा हात. धोटा घेतला. बगलेत धरला. मग हा हात, शिटी तोंडात. मग झेंडी. असंच केलं होतं. पहिले दोन दिवस मी छातीवर हात मारून सांगत होते. मग ज्याच्या त्याच्या तोंडी माझीच घाई ऐकली. आता करून बघते तर कधी हा हात आधी येतो, कधी हा." ती क्षणभर हसली. "गॅस बंद केला का ते तीन-तीनदा उठून बघते. काल हे बघा."

तिने ढिगातली एक साडी ओढून पदर पसरला. धागा कापताना खालचं कापडही कापलं गेलं होतं. बोटभर चीर.

"सात वर्षांत असं झालं नव्हतं. मला वाटतं, भाऊ, मीच आधी झेंडी दाखवली असेल. त्या पोराचा पाय माझ्याच हाताने गेला असेल. म्हणून मी दवाखान्यात गेले नाही. कोणत्या तोंडाने जाऊ?"

धुडकूने ठरवलं होतं त्यातलं एकही वाक्य कामाचं नव्हतं. साहेब हा शब्द तर इथे लागतच नव्हता. जे आलं ते घरच्या बोलीत आलं.

"उषाबाई, मी टेम्पोवालाले धोटा दिधा. आनि त्याना मांगे मी योगराजले सोडं. सायकलवर. मी. तुमनी काहीच चूक नही."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. आपल्या हातांकडे पाहिलं.

"परत सांगा."

त्याने सांगितलं.

"मोठ्याने."

त्याने मोठ्याने सांगितलं. समोरच्या खोलीतून कुणी डोकावलं. जिन्यावर दोघं जण थांबले. दोघंही कधी ना कधी आप्पाचा एक झालेले.

"परत."

त्याने तिसऱ्यांदा सांगितलं. तोवर सात-आठ माणसं जमली होती. जिन्यावरचा बन्सीलाल, जो आठवड्यातून दोनदा तरी धोट्यामागून गेला होता, समजुतीच्या सुरात म्हणाला, "जाऊ द्या ना, उषाबाई. आप्पांनी आपल्याच माणसासाठी केलं ना ते. वाईट मनाने थोडंच केलं?"

उषाबाईने पहिल्यांदा मान वर केली.

"आणि मी कुणाची होते रे?"

एकेक करून सगळ्यांना आपापली कामं आठवली.

धुडकू खाली मान घालून उभा होता. तिने मारलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याचीही लाज वाटली. तिच्याकडून अजून काही मागायचं राहिलंच होतं का? तिने मात्र साडीची घडी घातली, कातर डब्यात टाकली, दाराला कडी लावली आणि चपला घातल्या.

"चला."

"कुठे?"

"जिथे 'कुणी नाही' म्हणालात तिथे."

•

हर्षल साहेब निघायच्या तयारीत होता. दोघांना एकत्र बघून त्याने बॅग पुन्हा खाली ठेवली.

"बाई, सोमवारपासून पलसाण्याला —"

"कागद काढा," उषाबाई म्हणाली.

तो धुडकूकडे बघत राहिला. धुडकूने मान हलवली. हर्षलने कागद काढला.

या वेळी विचारण्याची वेळच आली नाही. धुडकू सांगत गेला आणि हर्षल लिहीत गेला: वेळ, टेम्पो, धोटा, सायकल. सायकलला दीड मिनिट लागतं हे मला माहीत होतं, हेही त्याने सांगितलं. ते कुणी त्याला विचारलं नव्हतं. हर्षलचं पेन तिथे क्षणभर अडलं. "हे लिहू? याने तुमच्यावर फार येईल, काका."

"लिहा."

लिहून झाल्यावर उषाबाई म्हणाली, "वाचून दाखवा."

हर्षलने वाचलं. "'...त्यानंतर एका सायकलस्वारास आत सोडले गेले...'"

"सोडले गेले नाही. धुडकू भाऊंनी सोडले. आणि सायकलस्वार नाही. योगराज."

त्याने खोडून लिहिलं. धुडकूने खाली सही केली. बावीस वर्षं हजेरीच्या वहीत केली तशी, तिरकी. त्याला वाटलं होतं सही केली की छातीवरचं काहीतरी उतरेल. काही उतरलं नाही. उद्या हे जॅकेट काढून ठेवावं लागेल. आज रात्री रंजनाला सांगायचं होतं. योगिताला सांगायचं होतं. आणि तेव्हा दवाखान्यात योगराज त्याच्याकडे कसा बघेल, हे त्याला आत्ताच दिसत होतं. हात दाबणार नाही तो. एवढं नक्की.

हर्षलने कागदाला टाचणी लावली.

"झालं?" त्याने विचारलं.

"नाही," उषाबाई म्हणाली. "सेट नव्हते, हे कुठे आहे?"

हर्षलने फाइलवर हात ठेवला होता. आठ सोमवारांवर. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. धुडकूने खाली पाहिलं. गेले नऊ दिवस आपणही असेच दिसत होतो का, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला त्या पोराची दया आली. पण त्याला सोडवावंसं वाटलं नाही.

"बाई, ते मी उद्या —"

उषाबाईने भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि टेबलासमोर बसली.

"लिहा," ती म्हणाली. "मी बसलेय."

हर्षलने टाचणी काढली.